माळावरचा पिवळा लांडगा आणि गावातले दोन तट

सिन्नरच्या पूर्वेकडच्या एका गावातून जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी प्रश्न पाठवला आहे. तो थोडक्यात असा: गावच्या माळावर दिवाळीपासून चार लांडगे दिसतात. त्यातला एक पिवळट आहे आणि त्याच्या शेपटीला किंचित बाक आहे. पंधरा दिवसांपूर्वी एका मेंढपाळाच्या वाड्यावर एकाच रात्रीत सात मेंढ्या मेल्या. तेव्हापासून गावात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, हे खरे लांडगे नव्हेतच, कुत्र्यांशी झालेला संकर आहे, म्हणून माणसाला भीत नाहीत. संकराला कायदा लागू नाही, तेव्हा बंदोबस्त आपणच करू. दुसऱ्या तटात शहरात शिकणारी चार पोरं आहेत. त्यांच्या मते लांडगा गरीब बिचारा, चूक सगळी गावाची. आईबाप मुलांना शाळेत पाठवायला कचरतात. त्यात एका पोराने माळावरून पिल्लू उचलून आणलंय आणि ते गोठ्यात बांधलंय. पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे, तिथे काय सांगायचं?

गुरुजी, मी या जिल्ह्यात तीस वर्षं गुरांचा डॉक्टर म्हणून काढली. सिन्नर, नांदगाव, येवला, मालेगाव अशा बदल्या झाल्या. वनखात्याचा निरोप आला की मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन करायला जायचं. त्यामुळे माझी लांडग्याशी ओळख झाली ती त्याने मारलेल्या, किंवा त्याच्या नावावर लावलेल्या, मेंढ्यांकडून. त्या अनुभवावर लिहितो.

आधी पिल्लाचं बघू. बाकीचं ग्रामसभेपर्यंत थांबेल, हे थांबणार नाही.

तुम्ही लिहिता की पिल्लू काळपट तपकिरी आहे आणि छातीवर पांढरा डाग आहे, म्हणून सगळे म्हणतात की हे कुत्र्याचंच. इथे भलेभले फसतात. आपल्याकडच्या लांडग्याचं पिल्लू काजळी चढलेल्या तपकिरी रंगाचं असतं आणि त्याच्या छातीवर दुधासारखा पांढरा ठिपका असतो. वाढत्या अंगाबरोबर तो पुसट होत जातो. म्हणजे ज्या खुणेवरून गावाने त्याला कुत्रा ठरवलं, ती लांडग्याच्या पिल्लाचीही खूण आहे. दुसरी गोष्ट महिन्याची. गावठी कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते आणि बाराही महिने कुठे ना कुठे विते. लांडगीण वर्षातून एकदाच माजावर येते, पावसाळा सरता सरता. मग साधारण दोन महिन्यांनी, थंडीत, ओढ्याच्या दरडीतल्या बिळात विते. आता फेब्रुवारी चालू आहे, पिल्लू दीड महिन्याचं वाटतं आणि सापडलं बिळाच्या तोंडाशी. हेच मला कोणी ऑगस्टमध्ये विचारलं असतं तर मी वेगळं बोललो असतो.

तेव्हा आजच्या आज १९२६ या वनखात्याच्या नंबरवर फोन करा, किंवा तुमच्या बीटच्या वनरक्षकाला गाठा. पिल्लाला गाईचं दूध पाजू नका, त्याने जुलाब लागतात आणि एवढंसं जनावर दोन दिवसांत सुकून जातं. अंधारलेली जागा द्या, भोवतीची गर्दी हटवा. वनरक्षकाच्या देखत तिन्हीसांजेला ते उचललं त्याच जागी ठेवायचं आणि सगळ्यांनी लांब निघून जायचं. माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते ही समजूत बरोबर नाही. मात्र माणसं तिथेच घुटमळत राहिली तर ती जवळ फिरकत नाही. लांडगे पिल्लांना एका बिळातून दुसऱ्या बिळात हलवत असतात, म्हणून उशीर महागात पडतो. त्या पोरावर ओरडू नका, त्याने चांगल्या मनानेच केलं असेल. पण लांडगा पाळणं गुन्हा आहे एवढं त्याला समजावा. पिल्लाचा दात किंवा नख लागलं असेल तर त्याला आजच रेबीजची लस घ्यायला पाठवा.

नांदगावला होतो तेव्हा एकाने पोत्यातून असंच पिल्लू आणून दिलं होतं. मी नवखा होतो. हौसेने लसी टोचल्या, बाटलीने वाढवलं. दहा महिन्यांनी ते दारापुढे बांधलेल्या शेळीकडे ज्या नजरेने बघू लागलं, ती नजर पाहून मी ते वनखात्याच्या ताब्यात दिलं. पुढचं सगळं आयुष्य त्याने गजांआड काढलं. मी त्याला वाचवलं, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत असे.

आता तुमचा पिवळा.

रंग नंतर बघा, आधी चाल बघा. लांडग्याचे पाय उंच आणि काटकुळे, छाती अरुंद, पुढचे दोन्ही पाय जवळजवळ. तो दुडक्या चालीने निघाला की मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडतो आणि सकाळी मातीत सुतळी ओढल्यासारखी सरळ रेघ दिसते. कुत्रा तसा चालत नाही. प्रत्येक बाभळीपाशी थांबतो, वळतो, परत येतो. कुत्र्याच्या कपाळापासून नाकाकडे येताना मध्ये पायरीसारखा उतार असतो, लांडग्याचं कपाळ जवळपास सपाट उतरतं. लांडग्याच्या पाठीवरच्या केसांची टोकं काळी असतात, त्यामुळे लांबून राख भुरभुरल्यासारखं दिसतं. शेपूट खाली लोंबते. मागच्या पायाला आतल्या बाजूने जादा नख दिसलं, अंगावर मोठाले पांढरे चट्टे असले किंवा कान मुडपलेले असले तर कुत्र्याचं रक्त असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. पण हा संशयच. उन्हाळ्यात केस झडलेला लांडगा खरजुल्या कुत्र्यासारखा दिसतो, आणि एखादं उंच गावठी कुत्रं संध्याकाळच्या उजेडात लांडगा म्हणून खपतं. मी स्वतः दोन्ही बाजूंनी फसलो आहे.

संकर होतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. तुमच्या शहरातल्या पोरांना हे पटत नाही, पण ते खरं आहे. पुण्याजवळच्या माळरानावर वेगळ्याच पिवळसर रंगाचे लांडगे दिसले, तेव्हा तिथल्या द ग्रासलँड्स ट्रस्टच्या मंडळींनी आणि बंगळुरूच्या एनसीबीएस व अट्री या संस्थांच्या संशोधकांनी केसांचे नमुने घेऊन जनुकीय तपासणी केली. त्यात कुत्र्याचा अंश निघाला. २०२३ साली ते प्रसिद्ध झालं. तरणा लांडगा टोळी सोडून नव्या मुलखाच्या शोधात निघाला की पुण्याचा माळ आणि सिन्नरचा माळ हे अंतर त्याला फार नाही.

हे घडतं कसं, ते ग्रामसभेत जरूर सांगा. लांडगा आणि कुत्रा, दोघांची गुणसूत्रं ७८. होणारी पिल्लं वांझ निपजत नाहीत, त्यांचाही वंश पुढे चालतो. लांडग्यांची टोळी मुळातच लहान, एक जोडी आणि तिची पिल्लं. त्यातला नर महामार्गावर चिरडला, विषाने मेला किंवा टोळी पांगली, की माजावर आलेल्या लांडगिणीला जोडीदार मिळत नाही. आणि तिच्याभोवती माळावर मोकाट फिरणारे कुत्रे असतात, ते बाराही महिने तयार. बहुतेक संकरात आई लांडगीण आणि बाप कुत्रा असतो तो यामुळे. पिल्लं बिळात जन्मतात, लांडगिणीचं दूध पितात, तिच्याकडून शिकार शिकतात. म्हणून तुमचा पिवळा संकर निघाला तरी त्याची वाढ माळावरच झालेली असणार. तो माणसाला भीत नसेल तर त्याचं कारण त्याच्या रक्तात शोधण्याआधी गावाच्या उकिरड्यावर शोधा. त्याकडे येतोच.

एक गंमत सांगतो. अमेरिकेत यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानात काळेभोर लांडगे आहेत, लोक हजारो डॉलर खर्चून त्यांचे फोटो काढायला जातात. तो काळा रंग त्यांच्यात कुत्र्याकडून आलेला आहे, फार पूर्वीच्या संकरातून. तिथे कोणी त्यांना भेसळ म्हणत नाही.

तरीही भेसळीची काळजी मला वाटते. भारतीय लांडगा ही जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक आहे आणि देशात ते सगळे मिळून तीन हजारांच्या आसपास आहेत. २०२२ च्या गणनेत वाघांचा अंदाज ३,६८२ आला होता. म्हणजे ज्या लांडग्याला आपण माळावर दगड मारतो, तो वाघापेक्षा कमी उरलाय. इतक्या थोड्यांत कुत्र्याचं रक्त मिसळत गेलं तर लांडगा मरून संपायची गरज उरत नाही, तो विरून संपेल.

पण म्हणून पहिल्या तटाचं म्हणणं खरं होत नाही. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिथल्या प्राण्याची शिकार म्हणजे किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, वर किमान २५ हजार दंड. माणसाच्या जिवाला धोका झाला तरी त्याला पकडायची किंवा मारायची परवानगी फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. सरपंच नाही, तहसीलदार नाही, वनरक्षकही नाही. ‘आम्हाला तो संकर वाटला’ हे कोर्टात सांगून बघा. मेलेल्या जनावराचा नमुना हैदराबादच्या किंवा डेहराडूनच्या प्रयोगशाळेत जाईल, तिथून ‘लांडगा’ असा अहवाल येईल आणि गावातली चार माणसं दहा वर्षं तारखांना जात राहतील.

युरोपात लांडग्यावरून आपल्यापेक्षा मोठी भांडणं आहेत. तिथे बर्न करारातल्या, म्हणजे वन्यजीव रक्षणाच्या करारातल्या, देशांनी २०१४ मध्ये संकरांबाबत एक शिफारस केली: संकर कमी करायचे, पण ते काम सरकारी देखरेखीखालीच व्हायचं, शिकाऱ्यांच्या हाती द्यायचं नाही. कारण उघड आहे. एकदा संकर मारायला मोकळीक दिली की मारलेला प्रत्येक लांडगा संकर ठरतो. इटलीत काही संकर पकडून, नसबंदी करून पुन्हा त्याच भागात सोडले गेले. त्याने मुलूख धरलेला राहतो, म्हणजे दुसरा नवखा तिथे शिरत नाही, आणि वंशही वाढत नाही. आपल्याकडे संकर सिद्ध झालाच तर हाच रस्ता बरा, असं माझं मत. पण आधी सिद्ध व्हायला हवं. वनखात्याला अर्ज द्या, माळावरच्या विष्ठेचे आणि काटेरी कुंपणाला अडकलेल्या केसांचे नमुने घ्यायला सांगा. तोवर तुमचा पिवळा हा कायद्याने लांडगाच.

आता त्या सात मेंढ्या. तुमच्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग हा, आणि तुम्ही तो दोन ओळींत उरकलाय.

तुम्ही लिहिता: सातपैकी एकच मेंढी थोडी खाल्लेली होती, बाकीच्यांच्या मांड्या आणि शेपटाकडचा भाग फाटलेला, दोघींचे कान कुरतडलेले, आणखी पाच जखमी. हे वाचून मी लांडग्यापेक्षा कुत्र्यांवर बोट ठेवीन. लांडगा पोटासाठी येतो. मानेला किंवा नरड्याला धरतो, जमलं तर कोकरू उचलून चालू लागतो, आणि सकाळी मेंढपाळाला मोजताना एक कमी भरतं. कुत्र्यांची टोळी खेळायला येते. मेंढरं पळतात म्हणून ती मागे लागतात, मागून मांडीला चावतात, एक सोडून दुसरीला धरतात. मात्र हा नियम दगडावरची रेघ नव्हे. वाघरीत, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीत, कोंडलेल्या आणि पळायला जागा नसलेल्या कळपात लांडगा शिरला तर तोही गरजेपेक्षा जास्त मारतो. म्हणून नुसतं आकड्यावरून सांगता येत नाही, कातडं सोलून बघावं लागतं.

येवल्याकडची गोष्ट. एका वाड्यावर तीन मेंढ्या मेल्या होत्या. दुपारचं ऊन, माश्या घोंघावताहेत, पंचनाम्याला आलेल्या सगळ्यांना घाई. मी एका मेंढीच्या नरड्याची लोकर कातरली, दोन सुळ्यांची भोकं दिसली, कातडं सोडवलं, खाली जांभळाच्या डागासारखं साकळलेलं रक्त होतं. म्हणजे चावा जिवंतपणीचा. मेल्यावर चावलं तर असं रक्त साकळत नाही. मी ‘लांडगा’ लिहून सही केली. मेंढपाळाने एक मेंढी तिथेच राहू दिली आणि वनरक्षकाने हौसेने बाजूच्या बोरीला कॅमेरा बांधला. पहाटेच्या फोटोत तीन कुत्री, आणि एकाच्या गळ्यात लाल पट्टा. कुत्री मेलेल्यावर आली म्हणजे त्यांनीच मारलं असं होत नाही, हे मलाही कळत होतं. म्हणून मी परत गेलो आणि त्या मेंढीच्या मागच्या मांड्या सोलल्या. कातड्याखाली अकरा ठिकाणी रक्त साकळलेलं, लहान-मोठ्या जबड्यांचं. पहिल्या दिवशी मी मांड्यांची लोकर कातरलीच नव्हती. नरडं फाटलेलं दिसलं आणि लांडगा डोळ्यांपुढे उभा राहिला.

आणि कागदावर तो लांडगाच राहिला. मी बदललं नाही. का, तेही सांगतो. वन्यप्राण्याने जनावर मारलं तर सरकारी नुकसानभरपाई मिळते आणि त्या यादीत लांडग्याचं नाव आहे. कुत्र्याचं नाही. मेंढपाळाला हे माझ्यापेक्षा नीट माहीत असतं. ज्याच्या तीन मेंढ्या गेल्या, त्याच्यासमोर बसून ‘तुझं नुकसान लांडग्याने केलेलं नाही, सबब तुला काही नाही’ असं लिहायला माझा हात धजला नाही. माझ्यासारखे किती हात असतील? माळावर कुत्र्यांनी मारलेली मेंढरं अशी वर्षानुवर्षं लांडग्याच्या खात्यावर जमा होत गेलीत. मग गावाला वाटतं लांडगे वाढले, वनखात्याला वाटतं उपद्रव वाढला, आणि गावातली कुत्री शेपटी हलवत पारावर बसलेली.

तुमच्या गावातलं ‘लांडगा की संकर’ हे भांडण मला म्हणूनच जरा बाजूचं वाटतं. तिसरा भिडू दोन्ही तटांच्या पायाशी झोपलाय, त्याचं नाव कोणी घेत नाही. मेंढ्या तो मारतो, लांडगिणीशी लागतो तो, रोग नेतो तोही. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो, तिन्ही माळावर पोचतात ते कुत्र्यांमार्फत. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले तेव्हा डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. सिंहाची ती गत, तर चार जणांची लांडग्याची टोळी एका हंगामात साफ होऊ शकते, आणि त्याची बातमीही होणार नाही.

पुढच्या वेळी काही घडलं तर मेंढपाळाला एवढं सांगा: मेलेली मेंढी हलवायची नाही, पुरायची नाही, अठ्ठेचाळीस तासांच्या आत वनखात्याला कळवायचं. आणि डॉक्टर आला की त्याला म्हणायचं, नरडं बघितलंत, आता मांड्याही सोला.

मेंढपाळांबद्दल गावात कोणी वाईट बोलत असेल तर माझ्या वतीने एक गोष्ट सांगा. मालेगावकडचा एक म्हातारा धनगर, कांद्याच्या वावरात मेंढरं बसवली होती. लांडग्याने कोकरू नेलं म्हणून मी हळहळलो. तो म्हणाला, ‘नेलं तर नेलं, वाटा हाय त्याचा. पर डॉक्टर, त्या कंपनीजवळच्या कुत्र्यांचं काय ते बघा, त्यांनी गाभण मेंढी फाडली.’ लांडगा कोणत्या वाऱ्याला येतो, कुठल्या बाजूने येतो, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांचं ठाऊक. कोकरं तो डालीखाली झाकायचा, वाघरीची गाठ रोज संध्याकाळी स्वतः तपासायचा, आणि दोन कुत्रे दोन टोकांना बांधायचा, एका जागी नाही. कुत्र्यांच्या टोळीपुढे मात्र हे सगळं कमी पडतं. ती दिवसाही येते आणि माणसाला भीत नाही, कारण माणसानेच वाढवलेली.

मुलांचं. आईबापांची भीती हसण्यावारी नेऊ नका, तुमच्या शहरी पोरांनाही तसं सांगा. लांडग्याने मुलं नेल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. १९९६ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात तीन जिल्ह्यांत मार्च ते ऑक्टोबर ७६ मुलांवर हल्ले झाले. अभ्यासकांच्या मते ते एखाद्याच लांडग्याचं किंवा टोळीचं काम होतं. २०२४ च्या पावसाळ्यात बहराईच जिल्ह्यात पुन्हा तेच घडलं. तिथेही हे लांडगे की संकर, अशी चर्चा रंगली. पाच पकडले गेले, सहावा गावकऱ्यांनी मारला. दोन्ही वेळा बळी गेली ती बहुतेक गरीब घरची लहान मुलं, कोणी अंगणात झोपलेली, कोणी दार नसलेल्या खोपटात. आपल्याकडे लांडग्याला मेंढरं, ससे, घुशी आणि उकिरडा आयता मिळतो, शिवाय मेंढपाळाची धास्तीही आहे. माझ्या तीस वर्षांत धडधाकट लांडग्याने मूल धरल्याचं एकही प्रकरण माझ्यासमोर आलं नाही. नाशिक जिल्ह्यात मुलांसाठी भ्यायचंच तर उसातल्या बिबट्याला भ्यावं, आणि त्याला लागते तीच काळजी इथेही पुरते: मुलं घोळक्याने जावीत-यावीत, दिवेलागणीनंतर एकट्याने शेताच्या बांधावर बसू नये, उघड्यावर झोपू नये.

पिसाळलेला लांडगा ही गोष्ट वेगळी. तो भरदिवसा गावात शिरतो, एकाला चावून थांबत नाही, वाटेत येईल त्याचे हात, तोंड फाडत जातो. असं झालं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक सरकारी दवाखाना गाठायचा. कुत्रा चावला तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवता येते, वन्यप्राण्याच्या बाबतीत ती सवलत नाही. रक्त निघालं असो वा नसो, वन्यप्राण्याचा चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर, श्रेणीतला धरतात. लस तर हवीच, शिवाय जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही. हळद, चुना, मिरची काही लावू नये. संकर असला तर काय? तोही वन्यप्राणीच धरायचा, चर्चा नंतर.

आता उकिरडा. तुमच्या भागात पोल्ट्रीचे शेड किती आहेत ते मला माहीत आहे. मेलेल्या कोंबड्या कुठे जातात? पोत्यात भरून रात्री ओढ्यात, नाहीतर माळाच्या कडेला. मेलेलं गुरू कुठे जातं? तिथेच. पूर्वी ते गिधाडं तासाभरात साफ करायची. मग आम्ही डॉक्टरांनी गुरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलं, मीही शेकड्याने टोचलं, दुखणारं जनावर संध्याकाळी उभं राहायचं आणि शेतकरी दुवा द्यायचा. ते औषध पोटात असलेलं गुरू मेलं की त्यावर बसलेली गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरायची. गुरांसाठी त्यावर बंदी आली २००६ मध्ये, तोवर आपल्या माळावरचं आभाळ रिकामं झालं होतं. गिधाडांचं ताट कुत्र्यांपुढे आलं. तिथेच लांडगाही येतो, कारण ससा धरण्यापेक्षा मेलेली कोंबडी सोपी. कुत्रा आणि लांडगा एका उकिरड्यावर जेवायला लागले की ओळख होते, ओळखीतून रोग होतो आणि एखाद्या थंडीत पिवळं पिल्लू होतं. गावाजवळ जेवायची सवय लागलेल्या लांडग्याला माणसाची भीती कशी राहणार?

म्हणून ग्रामसभेत पिवळ्या लांडग्याचा ठराव घेऊ नका. मेलेल्या कोंबड्यांचा घ्या. प्रत्येक शेडमालकाने खोल खड्डा खणायचा, चुना टाकायचा, वर झाकण ठेवायचं. एका दिवसाचं जेसीबीचं काम. मेलेल्या गुरांसाठी एक जागा ठरवून कुंपण घालायचं. कुत्र्यांसाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे रेबीज लसीकरणाचं शिबिर मागा आणि त्यात मेंढपाळांचे कुत्रे आधी घ्या, कारण माळावर लांडग्याच्या सर्वांत जवळ तेच असतात. नसबंदीचं काम २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी स्थानिक संस्थेवर टाकलंय, म्हणजे ग्रामपंचायतीवर. आणि तिच्याकडे ना डॉक्टर, ना पिंजरा, ना पैसा, हे मला पुरतं माहीत आहे. तरी चार-पाच गावांनी मिळून जिल्हा परिषदेकडे मागणी केली तर निदान फाईल तरी उघडते. कुत्र्यांना विष घालायचा कोणी प्रस्ताव आणला तर तिथेच थांबवा. तो गुन्हा आहे, आणि विषाचा घास लांडगाही खातो, मेंढपाळाचा कुत्राही.

तुमच्या पत्राच्या तळटीपेत सरपंचांच्या मुलाला नाशिकहून ‘वुल्फडॉग’ विकत आणायचंय असं आहे. त्याला म्हणावं, पैसे वाचव. युरोपात चेकोस्लोव्हाकियात १९५५ पासून जर्मन शेफर्ड आणि लांडगा यांच्या संकरातून एक जात तयार केली, ती तिथल्या लष्करासाठी होती आणि अजूनही ती अनुभवी माणसालाच सांभाळता येते. आपल्याकडे त्या नावाने बहुधा हस्की आणि शेफर्डची सरमिसळ विकतात. चुकून खरा संकर मिळालाच तर तो जास्त वाईट सौदा. लाजाळू, कुंपण उकरणारा, आणि कोंबड्या-शेळ्यांच्या गावात तर विचारूच नका.

ग्रामसभेच्या दिवशी मला बोलवा, एसटीने येईन. त्या मेंढपाळालाही बोलवा आणि त्याला आधी बोलू द्या. जखमी झालेल्या पाच मेंढ्यांपैकी ज्या जगल्या असतील त्यांना सकाळी शाळेमागे आणून ठेवा, मांड्यांची लोकर कातरून व्रण सगळ्यांना दाखवतो. आणि पिल्लाचं काय झालं, ते आज रात्रीच कळवा.